आरंभ त्याचा, सिद्धीही त्याचीच

देव दयाळू आहे, न्यायी आहे, सर्वसमर्थ आहे, असे बहुतेक सर्व धर्म सांगतात. ख्रिस्ती धर्मश्रद्धेने त्याच्या आणखी एका गुणावर विशेष भर दिला आहे, आणि तो म्हणजे त्याचा विश्वासूपणा. मनुष्य कामे आरंभितो आणि अर्ध्यावर टाकतो. देव तसे करीत नाही, ही ती श्रद्धा. संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला पाठविलेल्या पत्राच्या प्रारंभीच हा भरवसा व्यक्त केला आहे. त्या मंडळीच्या अंतःकरणात देवाने ज्या कामाची सुरुवात केली त्याची सांगताही तोच करील, ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या दिवसापर्यंत तो त्यावरून हात काढून घेणार नाही, असा त्याचा आशय. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे लिहिणारा पौल त्या वेळी बंदिवासात होता. त्याचे स्वतःचे काम बाह्यतः थांबले होते. ज्याचे सर्व काही सुरळीत चालले आहे त्याने असा विश्वास बोलून दाखविणे सोपे असते. ज्याच्या हातून एकामागून एक गोष्ट निसटत गेली त्याने तो जन्मभर टिकविला, तर मात्र त्या श्रद्धेकडे गंभीरपणे पाहावे लागते.

महाराष्ट्राला अशा श्रद्धेचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंच्या ६३ वर्षांच्या आयुष्यात जे जे आरंभिले गेले त्यातील बरेचसे मध्येच मोडले. वडिलांनी मांडलेला संसार दुष्काळाने उधळला, पतीबरोबर सुरू झालेले सहजीवन पटकीने संपविले, पुण्यात उभारलेली संस्था वादाच्या भोवऱ्यात सापडली, आणि ज्या मुलीच्या हाती सर्व कार्य सोपवावयाचे ती मुलगी आईच्या डोळ्यांदेखत गेली. तरीही आपल्या जीवनाचा अर्थ सांगताना रमाबाईंनी देवाच्या विश्वासूपणाचीच साक्ष दिली. ही साक्ष कशाच्या आधारावर उभी होती, हे त्यांच्या चरित्रातच पाहावे लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित. पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू एका राणीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी तरुणपणी पाहिले, आणि स्त्रियांना विद्या का देऊ नये हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला. पहिल्या पत्नीला शिकविण्याचा त्यांचा प्रयत्न घरच्यांच्या विरोधामुळे फसला. तिच्या निधनानंतर पैठणला गोदातीरी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची कन्या लक्ष्मी त्यांना दिली. तिला मात्र त्यांनी निग्रहाने शिकविले. त्यापायी जातभाईंचा रोष ओढवला, शास्त्रार्थ करून आपली बाजू मांडावी लागली, आणि अखेर गाव सोडून रानात आश्रम थाटावा लागला. धाकट्या रमेला संस्कृत शिकविले ते आईने. तोपर्यंत वडील वृद्ध झाले होते. पहाटेच्या अंधारात झोपेतून उठवून आईने मुलीला श्लोक सांगावेत, मुलीने ते पाठ करावेत, असा क्रम चाले. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे १८,००० श्लोक तिच्या मुखोद्गत होते.

आतिथ्यात आणि दानधर्मात शास्त्रीबुवांची सारी मिळकत संपली. मग हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. रमाबाईंच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. शारीरिक कष्टांची सवय नाही, भीक मागणे कमीपणाचे, आणि असलेला पैसा अनुष्ठानांत खर्चून गेलेला, अशा स्थितीत आधी वडील, मागोमाग आई आणि नंतर थोरली बहीण अशी एकेक माणसे गेली. आईच्या प्रेताला खांदा देण्यासाठी पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा रमाबाईंनी स्वतः पुढे होऊन खांदा दिला. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा. दोघांनी पायी चालत देशाचा मोठा भाग पालथा घातला. ज्या देवतांची व्रते वडिलांनी आयुष्यभर केली त्यांच्यावरील दोघांची श्रद्धा याच वाटेवर गळून पडली.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या महाराष्ट्रीय मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. कीर्ती मिळाली, पण आधार टिकला नाही. १८८० मध्ये श्रीनिवासही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते शूद्र समजल्या गेलेल्या जातीतील होते. ब्राह्मण कन्येने असा विवाह करणे ही त्या काळी केवढी खळबळजनक गोष्ट असेल याची कल्पना करता येते. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी, दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन, रमाबाई पुन्हा एकट्या पडल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाविषयी आणि स्त्रियांसाठी स्त्री-वैद्यांच्या आवश्यकतेविषयी साक्ष दिली. आपणही वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराने महाराष्ट्रात संताप उसळला आणि इंग्लंडमध्ये समाधान पसरले. दोन्हीकडच्या लोकांनी एक गोष्ट सारखीच गृहीत धरली होती. रमाबाईंचा धार्मिक प्रवास आता संपला, असे दोघांनाही वाटले. वस्तुतः तो नुकताच सुरू होत होता. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका विचारल्या, धर्माधिकाऱ्यांची आज्ञा केवळ आज्ञा म्हणून मानण्याचे नाकारले, आपला शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नसावीत, हा त्यांचा प्रश्न आश्रमातील भगिनींना हट्टाचा वाटला असेल. परंतु ख्रिस्ताकडे जाण्यासाठी युरोपीय भाषेच्या दारातूनच गेले पाहिजे असे नाही, हा विचार त्या प्रश्नात होता, आणि उत्तरायुष्यात त्याला फार मोठे फळ यावयाचे होते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथेच दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाने तेथील वाचकांना हलवून सोडले. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन मिळाले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढल्याच वर्षी ते पुण्याला हलले.

बालविधवांना धर्माची अट न घालता शिक्षण देणारी ही संस्था होती. सल्लागार मंडळावर हिंदू सुधारक होते. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, पण कोणाला आपल्या इच्छेने काही वाचावयाचे असल्यास आडवे यावयाचे नाही, असे धोरण होते. याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या अंतर्यामात मोठा पालट झाला. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु स्वतः ख्रिस्त अजून मिळालेला नाही, अशी जाणीव त्यांना कित्येक दिवस बोचत होती. आपल्या प्रयत्नाने पूर्णत्वाला पोहोचण्याची धडपड सोडून त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या स्वाधीन केले, तेव्हा त्यांना शांती लाभली. स्वतःच्या तपाने सिद्धी मिळविण्याच्या मार्गावर त्यांच्या वडिलांनी सर्वस्व वेचले होते. मुलीला वाटेच्या शेवटी उमगले ते असे की, सिद्धीस नेणारा दुसरा आहे.

या नव्या उत्कटतेचा परिणाम संस्थेवर होणे अटळ होते. रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडला आणि वीसपंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. या वादात सर्व दोष एका पक्षाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपल्या विश्वासाने मुली पाठविणाऱ्या पालकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले, हे समजण्यासारखे आहे. आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करावी अशी अपेक्षा रमाबाईंना अन्यायाची वाटली, हेही तितकेच समजण्यासारखे आहे. खरे नुकसान झाले ते परत नेलेल्या मुलींचे. हिंदू समाजात राहून हिंदू विधवांसाठी काम करण्याचा जो सेतू रमाबाईंनी बांधावयास घेतला होता, तो त्या वर्षी खचला आणि पुन्हा उभा राहिला नाही.

तथापि सदन बंद पडले नाही. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवण्यास सरकारी निर्बंध आड आले. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तेथे आधी तंबू, मग झोपड्या, मग पक्क्या इमारती अशी मुक्ती सदनाची वस्ती उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना असे एक स्वयंपूर्ण गावच तेथे वसले. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले; अंधांना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय मनोरमेने केली.

एवढा खर्च भागविण्याची रमाबाईंची रीत व्यवहारी माणसाला चक्रावून टाकणारी होती. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालविली, त्या उदाहरणाचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता. पैसा संपत आला की त्या मुलींसह प्रार्थनेला बसत. मात्र त्यांची श्रद्धा हात जोडून स्वस्थ बसणारी नव्हती. विहिरी खणणे, धान्याचा साठा करणे, हिशेब चोख ठेवणे, प्रत्येक मुलीला हाताला काम देणे, यांत त्यांनी कधी कसूर केली नाही. देव कार्य सिद्धीस नेतो याचा अर्थ त्यांनी असा घेतला की, माणसाने आपला वाटा निश्चिंत मनाने आणि पूर्ण शक्तीने उचलावा.

या निश्चिंततेची खरी परीक्षा त्यांच्या अखेरच्या कामात झाली. मराठीत बायबल नव्हते असे नाही. सेरामपूरहून १८११ मध्येच मराठी नवा करार छापला गेला होता आणि पुढे मिशनरी व बायबल सोसायटी यांच्या श्रमांतून संपूर्ण ग्रंथ सिद्ध झाला होता. परंतु त्याची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने केडगावच्या मुलींना ती कळत नसे. या मुली शेतकरी-मजुरांच्या घरांतून, दुष्काळाच्या रस्त्यावरून आलेल्या होत्या. शिवाय त्या संस्कृत शब्दांबरोबर वेदान्ताच्या जुन्या कल्पना वाचकाच्या मनात नकळत शिरतात आणि मूळ अर्थ झाकला जातो, असे रमाबाईंचे मत होते. ते मत वादग्रस्त आहे. पण ते मांडणारी व्यक्ती संस्कृतची जाणकार होती, हे विसरता येणार नाही. कलकत्त्याच्या पंडितसभेने जिला सरस्वती म्हटले तिने आयुष्याच्या सायंकाळी आपले सारे पांडित्य बाजूला सारून अडाणी बायकांच्या बोलीत लिहिण्याचा निश्चय केला. पंडितांच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी.

त्यासाठी वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांच्या अभ्यासाला लागल्या. सोळासतरा वर्षे हे काम चालले. दिवसभर संस्थेचा व्याप आणि पहाटे ग्रंथ असा क्रम होता. पहाटे उठण्याची सवय आईने लहानपणीच लावली होती. भाषांतर त्यांचे, खिळे जुळविणाऱ्या मुली त्यांच्या, यंत्रे चालविणाऱ्या मुली त्यांच्या. ज्यांना एकेकाळी अक्षरओळख नव्हती त्या मुली हिब्रू आणि ग्रीक खिळेही जुळवू लागल्या. नवा करार १९१२ मध्ये छापून झाला. जुना करार हे त्याहून कितीतरी मोठे काम. ते चालू असताना १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्याने कामाच्या गतीत काही फरक पडला नाही.

मग सर्वांत मोठा आघात झाला. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी, शारदा सदनाची प्रमुख, आणि सर्वांच्या दृष्टीने केडगावची उत्तराधिकारी. जुलै १९२१ मध्ये मिरजेच्या रुग्णालयात तिचे निधन झाले. ती चाळीस वर्षांची होती. आई, वडील, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून आता लेक. ज्या देवाच्या विश्वासूपणावर जीवन उभारले त्याला या क्षणी जाब विचारला असता, तर कोणी नावे ठेवली नसती. रमाबाईंनी संस्थेची पुढील व्यवस्था लावली आणि त्या पुन्हा मुद्रितांकडे वळल्या.

त्यांची स्वतःची प्रकृतीही आता उतरणीला लागली होती. अखेरची मुद्रिते तपासून होईपर्यंत, आणखी दहा दिवस, आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेवढे दिवस मिळाले. शेवटचे मुद्रित हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

भाविकाला ही कथा येथे पूर्ण झाल्यासारखी वाटेल. परंतु श्रद्धेची बाजू मांडताना पुढची हकीकत झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. ज्या भाषांतरासाठी रमाबाईंनी एवढे कष्ट उपसले ते महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत रूढ झाले नाही. उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालू राहिली. हिंदू महाराष्ट्राने तर धर्मांतराचा राग धरून त्यांना कित्येक दशके जवळजवळ विस्मरणात ठेवले. भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले ते १९८९ मध्ये, शारदा सदनाला १०० वर्षे झाल्यावर. मग सिद्धीस गेले ते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दृष्टी थोडी रुंद करावी लागते. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींतील एक म्हणजे गोदूबाई ही बालविधवा. १८९३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी सदनावर वादळ कोसळले त्याच वर्षी, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्याला वाढला, आणि त्यातून स्त्रीशिक्षणाचा प्रचंड वृक्ष उभा राहिला. गोदूबाई त्या कार्यात अखेरपर्यंत बाया कर्वे म्हणून राबल्या. जो सेतू रमाबाईंच्या हातून खचला तो दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या ठिकाणी उभा केला. अनंतशास्त्र्यांनी एका स्त्रीला शिकविण्यासाठी गाव सोडले. त्यांच्या कन्येने हजारोंना शिकविले. केडगावची संस्थाही तिच्या संस्थापिकेनंतर आणि नियोजित उत्तराधिकारी नसतानाही बंद पडली नाही. निराधार स्त्रिया व मुले आजही तेथे आसरा घेतात. १९१९ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. जिला लिहावाचावयास त्यांनीच शिकविले त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. देवाचे कार्य पूर्ण होते, पण ते ज्याने आरंभिले त्याच्याच हातून, त्याच्याच हयातीत आणि त्याच्याच नकाशाप्रमाणे होईल असे नाही. ख्रिस्ती श्रद्धेने तसे वचन कोठे दिलेलेही नाही. पौलाने मुदत घातली ती ख्रिस्ताच्या दिवसाची. कोणा सेवकाच्या मृत्युदिनाची नव्हे.

शिवाय पौलाच्या त्या पत्रात ज्या कामाचा उल्लेख आहे ते मुख्यतः माणसाच्या आत चालणारे काम आहे. त्या मापाने मोजले तर इमारती, संख्या आणि आवृत्त्या यांचा हिशेब दुय्यम ठरतो. दुष्काळात देवांवर रुसलेली एक मुलगी, वाँटेजला धर्मपंडितांशी वाद घालणारी एक तरुणी, पुण्यात आप्तेष्टांच्या रोषाने घायाळ झालेली एक विधवा, आणि लेकीच्या मृत्यूनंतरही शांतपणे मुद्रिते तपासणारी एक वृद्धा, ही एकाच मनाची वाटचाल आहे. तिच्यात कडवटपणा साठण्याची कारणे मुबलक होती, पण ती कडवट झाली नाही. हे तिचे स्वतःचे कर्तृत्व, असे श्रद्धा नसलेला अभ्यासक म्हणेल आणि तसे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. रमाबाईंनी मात्र त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही. ज्याने गंगामूळच्या अरण्यात सुरुवात केली त्यानेच केडगावच्या माळावर सांगता केली, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि ते त्यांनी शब्दांपेक्षा कामाने अधिक सांगितले.